‘रजिस्ट्री कशाला, बॉण्ड पुरे’ हा मेसेज घर बुडवणारा आहे

जालना, बीड, परभणी, नांदेड, कुठल्याही गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जा, घर घेणाऱ्यांना पैसे वाचवायचा सल्ला देणारा एक मेसेज हमखास सापडतो. त्याचं म्हणणं असं: रजिस्ट्रीवर पैसे घालवू नका, 500 च्या बॉण्डवर, म्हणजे मुद्रांकाच्या कागदावर, लिहून नोटरी केली की खरेदी पक्की. ताबा घ्या, ग्रामपंचायतीत नमुना आठला नाव लावा, मीटर घ्या, मग कोणी हात लावू शकत नाही. सोबत मुखत्यारपत्र केलं तर खरेदीखताची गरजच नाही. बारा वर्षं झाली की कोर्टही काढू शकत नाही. आणि आता तर सरकारनेच बॉण्डचे सगळे व्यवहार फुकटात कायदेशीर केलेत.

मी जालन्यात दिवाणी वकिली करते. हा मेसेज खरा मानून आयुष्याची कमाई घातलेली माणसं माझ्यासमोर येऊन बसतात. म्हणून त्यातल्या एकेका दाव्याला उत्तर देते आहे.

पहिला दावा नोटरीचा. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 54 सांगतं की 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री फक्त नोंदणीकृत दस्तानेच होते. आज 100 रुपयांत मिळणारा प्लॉट कुठे आहे? म्हणजे हा नियम प्रत्येक प्लॉटला, प्रत्येक घराला लागू आहे. 1908 च्या नोंदणी कायद्याचं कलम 17 अशा दस्ताची नोंदणी सक्तीची करतं, आणि नोंदणी नसेल तर त्याने मालकी जात-येत नाही, हे कलम 49 सांगतं. नोटरी करतो काय? सही करणारा माणूस समोर आला, त्याची ओळख पटली, सही झाली, एवढ्याची तो साक्ष देतो. जमीन कोणाची, तिच्यावर बोजा आहे का, आधी कोणाला विकली आहे का, हे पाहणं त्याचं काम नाही. तांबड्या शिक्क्याला लोक सरकारी मोहोर समजतात आणि तिथेच फसतात.

बॉण्डचा आकडाही फसवा आहे. ऑक्टोबर 2024 पासून राज्यात 100 आणि 200 च्या जागी 500 चा मुद्रांक लागतो, हे खरं. पण ती किरकोळ करारमदारांची किमान रक्कम आहे. खरेदीचं मुद्रांक शुल्क ठरलेली किंमत आणि सरकारी बाजारमूल्य यांत जे जास्त असेल, त्याच्या टक्केवारीने लागतं. 500 चा कागद 100 च्या कागदापेक्षा जास्त पक्का असतो, असं काही नाही.

तुमच्याकडे असा बॉण्ड असेल तर आत्ता काढून वाचा. लिहून देणार, लिहून घेणार, गट नंबर, मग चतुःसीमा: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याचा प्लॉट, दक्षिणेस मूळ मालकाची शेती. प्लॉट नंबर बहुतेक वेळा नंतर पेनाने भरलेला असतो. तो ज्या नकाशावरचा आहे, तो नकाशा मंजूर कोणी केला याचा उल्लेख नसतो. सगळी रक्कम ‘रोख मिळाली, भरून पावलो’. आणि शेवटी ‘यापुढे माझा अगर माझ्या वारसांचा सदर प्लॉटवर काहीएक हक्क राहिला नाही’. याच वाक्यावर माणूस विसंबतो. कायद्याच्या नजरेत मात्र हक्क विकणाऱ्याकडेच राहिलेला असतो, कारण तो सोडायची जी एकच रीत कायद्याने ठरवली आहे, ती पाळलेलीच नसते.

मग बॉण्डला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो जमिनीवरचा हक्क नाही, माणसावरचा दावा आहे. कबूल केल्याप्रमाणे खरेदीखत करून द्या, असा दावा तुम्ही विकणाऱ्यावर लावू शकता. त्यालाही मुदत आहे: करारात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून 3 वर्षं, नसेल तर त्याने नकार दिल्याचं तुम्हाला कळल्यापासून 3 वर्षं. आणि तो कागद कोर्टात दाखल करताना बुडवलेलं मुद्रांक शुल्क दरमहा 2 टक्के दंडासह भरावं लागतं. महाराष्ट्रात ताबा देणाऱ्या साठेखताला, म्हणजे पुढे खरेदीखत करून देण्याच्या कराराला, खरेदीखताइतकंच शुल्क लागतं. तेव्हा मेसेज ज्याला बचत म्हणतो, ती तुमच्या डोक्यावर थकलेली बाकी असते.

एक प्रकरण सांगते, ओळख पटेल असं काही न सांगता. भोकरदन नाक्यापलीकडे एका बाईंनी नवऱ्याच्या भिशीचे आणि स्वतःचे डाग मोडून आलेले पैसे घालून बॉण्डवर प्लॉट घेतला, वर दोन खोल्या बांधल्या. विकणारे आबा भले माणूस होते, फसवायचा विचारही नव्हता. ‘सवडीनं रजिस्ट्री करून देतो’ म्हणत राहिले आणि वारले. सातबारावर वारसांचा फेर पडला, म्हणजे त्यांची नावं लागली: दोन मुलं, तीन मुली. मुलं म्हणाली, बाबांचा शब्द आम्हाला मान्य. दोन बहिणींनीही सही द्यायची तयारी दाखवली. तिसरी म्हणाली, मला कोणी विचारलं होतं का? जमीन वडिलोपार्जित होती, त्यामुळे तिचं म्हणणं सहज झटकता येण्यासारखं नव्हतं. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलीला जन्मापासून मुलाइतकाच हिस्सा आहे, आणि वडील कधी वारले यावर तो अवलंबून नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात 2020 मध्ये स्पष्ट केलं. बाई मला विचारत होत्या, “लिहून तर दिलंय की ताई, मग आता यांच्या सह्या कशाला?” आबा हयात असताना, सगळे एका ठिकाणी असताना जे एका दुपारचं काम होतं, त्याचा आता दिवाणी दावा झाला आहे. इथे लबाड कोणीच नव्हतं. लबाड माणसाने तोच प्लॉट दुसऱ्याला रजिस्ट्री करून विकला असता, तर रजिस्ट्रीवाल्याचं पारडं जड आणि बॉण्डवाला पैसे परत मागत फिरला असता.

दुसरा दावा ताबा, नमुना आठ आणि मीटरचा. नमुना आठ ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची वही आहे. घरपट्टी कोणाकडून घ्यायची हे तिच्यावरून ठरतं, मालकी नाही. लाइट बिलाचं तेच. सातबाऱ्याचं वजन याहून जास्त, कारण त्यावरची नोंद चूक ठरेपर्यंत बरोबर धरली जाते. पण नुसत्या फेराने मालकी मिळत नाही, तो महसुलापुरता असतो, हे सर्वोच्च न्यायालय वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. ताब्याचंही ऐका: करारावर मिळालेल्या ताब्याला कायदा थोडं संरक्षण देतो, पण 2001 च्या दुरुस्तीनंतर तो करार नोंदवलेला असेल तरच.

‘कोणी हात लावू शकत नाही’ म्हणणाऱ्यांनी समृद्धी महामार्गाच्या वेळी जालना आणि संभाजीनगर जिल्ह्यांत काय पाहिलं ते आठवावं. संपादन झालं की मोबदल्याची नोटीस अभिलेखात ज्याचं नाव आहे त्याला जाते. बॉण्डवाल्याला हरकत घेऊन आपला हक्क शाबीत करावा लागतो, आणि शाबीत करायला हातात असतो तोच बॉण्ड. बँकही अशा कागदावर घरकर्ज देत नाही. मग माणूस सावकाराकडे वळतो, आणि रजिस्ट्रीत वाचलेलं व्याजात जातं.

मुखत्यारपत्राचा दावा थोडक्यात. साठेखत, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असा जोड करून केलेला व्यवहार म्हणजे विक्री नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात 11 ऑक्टोबर 2011 रोजी ठरवलं. परगावी राहणाऱ्या भावाने बहिणीला कारभारासाठी मुखत्यारपत्र दिलं तर ते चालतं. न्यायालयाने खऱ्या मुखत्यारपत्राला हात लावलेला नाही. पण साधं मुखत्यारपत्र देणारा वारला की तेही संपतं. मृत्युपत्र तर तो हयात असेपर्यंत केव्हाही बदलू शकतो.

बारा वर्षांची गोष्ट गावोगाव सांगितली जाते, आणि तिच्यामुळे भाडेकरू-घरमालकांची भांडणंही विनाकारण पेटतात. 1963 च्या मुदत कायद्यात 12 वर्षं आहेत, पण ती मालकाच्या हक्काला उघड उघड आव्हान देऊन, खंड न पडता ठेवलेल्या ताब्यासाठी. भाडेकरू मालकाच्या परवानगीने राहतो, तो 40 वर्षं राहिला तरी भाडेकरूच. खरेदीखत अजून व्हायचंय अशा साठेखतावर ताबा घेतलेला माणूसही मालकाच्या मर्जीनेच आत आलेला असतो. ‘मी तुझ्याकडून विकत घेतोय’ आणि ‘मी तुझा हक्क मानतच नाही’ ही दोन्ही तोंडं एकाच दाव्यात चालत नाहीत. सरकारी जमिनीवर मुदत 30 वर्षांची आहे. गायरानावर प्लॉट पाडून बॉण्डवर विकणारे हे सांगत नाहीत, आणि गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा असा सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा जगपाल सिंग प्रकरणातला आदेश आहे हेही सांगत नाहीत.

भाडेकरू ठेवणाऱ्यांसाठी जाता जाता: ‘11 महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही’ हेही महाराष्ट्रात खोटं आहे. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. करार नोंदवला नाही तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं.

आता शेवटचा दावा, कारण सगळ्यात जास्त घात तोच करतो आहे. बॉण्डवर प्लॉट घेणारी माणसं काही कायदा मोडायच्या हौसेने तसं करत नव्हती. तुकडेबंदीमुळे, म्हणजे जमिनीचे ठरलेल्या क्षेत्रापेक्षा लहान तुकडे विकायला मनाई करणाऱ्या कायद्यामुळे, एक-दोन गुंठ्यांची रजिस्ट्री होत नव्हती. जुलै 2021 च्या परिपत्रकाने दस्त नोंदवणाऱ्या निबंधकांचे हात आणखी बांधले. मे 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केलं, तरी गोंधळ संपला नाही. पूर्ण एकर घ्यायची ऐपत नाही, मंजूर लेआउटमधला प्लॉट परवडत नाही, अशा माणसासमोर बॉण्ड हाच रस्ता उरला. हा दोष त्या माणसाचा नाही, हे मी ठामपणे म्हणते.

नोव्हेंबर 2025 मध्ये सरकारने अध्यादेश काढून 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळातले, रहिवासी वगैरे बिगरशेती वापराच्या क्षेत्रातले तुकड्यांचे व्यवहार शुल्क न घेता नियमित करायचं ठरवलं. मेसेज याच बातमीवर स्वार झाला आहे. पण माफ झाली ती नियमित करण्यासाठी घेतली जाणारी रक्कम. बॉण्डवरचा व्यवहार असेल तर मुद्रांक शुल्क भरून रजिस्ट्री करावीच लागते, नाव त्यानंतर लागतं. अध्यादेशाने तुकड्याची आडकाठी काढली, बॉण्डचं खरेदीखत केलं नाही.

मराठवाड्यात याहून खोल एक प्रश्न आहे. निजामाच्या काळातल्या मदतमाश, खिदमतमाश (निर्वाहासाठी किंवा सेवेच्या बदल्यात दिलेल्या) इनाम जमिनी, 1950 च्या हैदराबाद कूळकायद्यातल्या कुळांच्या जमिनी, देवस्थानं, वक्फ, आणि सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 लिहिलेल्या जमिनी. यांतल्या अनेक सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकताच येत नाहीत, आणि तुकडेबंदीच्या सवलतीने ती अट उठत नाही. गुंठेवारीचंही, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेल्या प्लॉटचंही, असंच. 2001 च्या कायद्याने नियमित होणाऱ्या प्लॉटची कालमर्यादा 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंत आली, संभाजीनगरच्या सातारा-देवळाई, पडेगाव, मिटमिट्याच्या लोकांना दिलासा मिळाला. पण गुंठेवारीचं प्रमाणपत्र बांधकाम आणि भूखंड नियमित करतं, विकणाऱ्याकडे नसलेली मालकी ते तुम्हाला देत नाही.

रजिस्ट्री झाली म्हणजे सगळं निर्धोक, असंही नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकीची हमी देत नाही. म्हणून इसार देण्याआधी वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या दस्तांचा शोध, काढून घ्या. जुने फेर आणि 1954-55 चं खासरा पत्रक (जमिनीची जुनी महसुली नोंद) मागा, मालकीचा माग तिथूनच लागतो. इसारही बँकेतूनच द्या. 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड लागू शकतो, हे विकणाऱ्याला सांगितलं की तो सहसा चेक घ्यायला तयार होतो.

आणि ज्यांच्याकडे आधीच बॉण्ड आहे त्यांनी थांबू नये. विकणारा हयात असेल तर त्याला आजच भेटा. वारला असेल तर सगळ्या वारसांना, बहिणींसह. सहा लाखांच्या प्लॉटची नोंदणी फी 6,000 रुपये होते, कारण ती 1 टक्का आहे आणि 30,000 च्या वर जात नाही. मुद्रांक शुल्क गाव, नगरपालिका, महापालिका यानुसार कमी-जास्त असतं, ते दुय्यम निबंधक कार्यालयात आधी काढून घ्या. सही झाल्यापासून 4 महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला सादर करावा लागतो. त्यानंतर तलाठी सज्जात फेराची नोटीस निघते, हरकतीचे 15 दिवस जातात आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. ती मंजूर झाल्याचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका हातात पडेपर्यंत पाठपुरावा करा. आणि जुना बॉण्ड फाडू नका, पैसे कधी दिले याचा तो पुरावा आहे.