लारूतच्या कथलामागचं भांडवल

मलेशियातल्या पेराक राज्यातल्या लारूतच्या कथील खाणींवरचा लेख छान आहे, पण एकोणिसाव्या शतकातला त्यांचा सगळा इतिहास ‘दोन चिनी टोळ्यांची मारामारी’ म्हणून उरकलाय, ते काही पटलं नाही. हाय सान आणि घी हिन या दोन गुप्त संघटना एकमेकांच्या जिवावर उठले हे खरं. पण त्यांच्यामागे जवळच्या पेनांग बंदराचे व्यापारी पैसा लावून बसले होते, ते लेखात कुठेच नाहीत.

खाण चालायची ती ‘कोंगसी’च्या, म्हणजे चिनी मंडळीच्या, भागीदारीवर. पैसा लावणारा सावकार तांदूळ, तेल आणि अफू उधारीवर पुरवायचा, तेही चढ्या भावाने, आणि निघालेलं कथील बाजारभावापेक्षा स्वस्तात उचलायचा. मजुराचा हिशेब व्हायचा तो वर्षाअखेरीला. तोवर अफूचीच उधारी इतकी चढलेली असायची की हातात फारसं काही पडत नसे. पाटणा-बनारसची अफू तिथे मोठ्या प्रमाणावर जायची, हे आपण विसरू नये.

भांडणाचं एक मोठं कारण पाणी. खड्ड्यातलं पाणी उपसणारा लाकडी साखळीपंप पाणचक्कीवर फिरायचा, धातूची माती धुवायलाही वाहतं पाणीच लागायचं. पाट दुसऱ्याने वळवला की खाण बंद! आपल्याकडे पाटाच्या पाण्यावरून किती डोकी फुटली आहेत, ते वेगळं सांगायला नको.

जानेवारी १८७४मध्ये पांगकोर बेटावर इंग्रजांनी मलय सरदारांशी करार केला, त्याच वेळी चिनी म्होरक्यांकडूनही शांततेचा करारनामा लिहून घेतला. त्यानंतर पेराकमध्ये इंग्रज रेसिडेंट, म्हणजे सुलतानाचा सल्लागार अधिकारी, बसला. मजुरांच्या उधारीचं पुढे काय झालं, यावर लेखकाने सविस्तर लिहावं ही मनापासून विनंती.