कामोठ्याच्या मुलीला शक्ती द्यायची असेल तर

तर तुम्हाला मराठीत कौटुंबिक मालिका लिहायची आहे. नायिका तेरा वर्षांची, आठवीतली, आणि तिच्याकडे कुणाला सांगता येणार नाही अशी एक शक्ती. छान. आता ती वही जरा मिटा आणि ऐका. रोजच्या मालिकांचे संवाद लिहून माझं घर चालतं, आणि ‘आई, मला तुला काहीतरी सांगायचंय’ या वाक्यावर भाग तोडण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

कल्पना कुठून आली तेही ओळखलं. अमेरिकेत निकलोडियनवर 1994 ते 1998 ‘द सिक्रेट वर्ल्ड ऑफ अ‍ॅलेक्स मॅक’ नावाची मालिका होती, तीच ना? शाळेचा पहिला दिवस, घरी परतणारी मुलगी, समोरून कारखान्याचा ट्रक. ड्रायव्हर तिला वाचवायला गाडी वळवतो आणि जीसी-161 नावाचं रसायन पोरीच्या अंगावर. मग बोटांतून वीज निघते, नुसत्या मनाने वस्तू हलतात, आणि अंगाचं चक्क पाणी होऊन ती दाराच्या फटीतून पलीकडे जाते. गाव सगळं त्या एका कारखान्यावर जगतं. वडील तिथेच शास्त्रज्ञ. कारखान्याची मुख्य बाई त्या भिजलेल्या पोराच्या मागावर, आणि पोरगी कोण हे माहीत आहे फक्त मोठ्या बहिणीला आणि एका मित्राला.

तुम्हाला वाटलं, हे तर आपल्या दारातलंच. कामोठे, कळंबोली, खारघर, आणि पलीकडे तळोजा एमआयडीसी. रात्री खिडकी उघडली की कुठल्या कारखान्यात काय चाललंय हे नाकाला कळतं. वडील तळोज्याला केमिस्ट, कंपनीची बस चौकात येते, मुलगी क्लासवरून परतताना टँकर आडवा येतो. कथा लिहायचीही गरज नाही, नुसती उतरवून घ्यायची.

इथेच चुकताय. पहिली सूचना: रसायन काढा.

चॅनेलच्या मीटिंगमध्ये तुम्ही टँकरपर्यंत पोचाल आणि समोरचे क्रिएटिव्ह मान हलवतील. ‘केमिकल थोडं ड्राय वाटतंय. बायकांना कनेक्ट होणार नाही.’ त्यांच्याशी वाद घालू नका. ब्रेकमध्ये साबण येतो, फिनेल येतं, केसांचा रंग येतो. ज्यांच्या पैशावर घर चालतं त्यांच्या चुलत्याला खलनायक करायचं नसतं, हे लग्नाच्या बोलणीतही पाळतात. तेव्हा टँकरच्या जागी कुलदेवीचा अंगारा आणा. नवसाची मुलगी, अमावास्येचा जन्म, गाभाऱ्यात वारा सुटतो, समई विझत नाही. एका फटक्यात कारखाना गेला, मालक गेला, दोष कुणाचा हा प्रश्न गेला. शक्ती तेवढी राहिली. ती देवीची असल्यामुळे तिच्यावर मुलीचाही फारसा हक्क नाही.

मोह होईल तो दुसऱ्या गोष्टीचा, म्हणून आधीच सांगून ठेवते. ऑगस्ट 2017 मध्ये तळोज्याला भटके कुत्रे निळे झाले. खरोखर निळे. कारखान्यातला रंग त्यांच्या अंगावर चढला, फोटो जगभर फिरले, आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्या कारखान्याला टाळं लावायला लावलं. शेजारच्या कासाडी नदीचं गाऱ्हाणं राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. हे मालिकेत अजिबात घेऊ नका. प्रेक्षक म्हणतील, हल्ली काहीही दाखवतात. शिवाय त्या कुत्र्यांना कुणी विचारलं नाही की बाबांनो, बोटांतून वीज वगैरे निघते का. अ‍ॅलेक्सच्या कारखान्यातली बाई निदान एका भिजलेल्या पोरीसाठी चार हंगाम माणसं पळवत होती. आपल्याकडे भिजलेल्यांना शोधावं लागत नाही. ते रोज सकाळी मानसरोवर स्टेशनवर सीएसएमटीची गाडी पकडतात.

आता मुलीकडे या. तेरा वर्षांची हवी म्हणता. अ‍ॅलेक्स झालेली लारिसा ओलेनिक मालिका सुरू झाली तेव्हा खरंच तेरा वर्षांची होती, हे मलाही ठाऊक आहे. पण आपल्याकडे कायदा आहे. 2017 च्या नियमांप्रमाणे चौदा वर्षांखालच्या कलाकाराला दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, त्यातही विश्रांतीशिवाय 3 तासांच्या वर नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, आणि कमाईतला किमान 20 टक्के भाग तिच्या नावाने मुदत ठेवीत टाकावा लागतो. आपली शिफ्ट बारा तासांची. तेव्हा चोवीस वर्षांची एखादी घ्या आणि दोन वेण्या घाला. वेण्यांना लाल रिबिनी. गणवेश थोडा मोठ्या मापाचा शिवला की झाली आठवी. एकच अडचण आहे: चोवीस वर्षांची मुलगी पडद्यावर दिसली की तिसऱ्या आठवड्यात प्रेक्षक विचारू लागतात, हिचं लग्न कधी. त्यावर तोडगा पुढे सांगते.

घर. कामोठ्याचा वन बीएचके मनातून काढून टाका. तिथे कॅमेरा ठेवला तर आजोबांना गॅलरीत बसवावं लागेल. ठाण्याला या. घोडबंदर रोडच्या आत चित्रीकरणासाठी बंगले भाड्याने मिळतात, आणि त्यात मुख्य म्हणजे जिना असतो. जिना नसेल तर मराठी मालिकेतल्या आजीला बोलता येत नाही. ती आधी वरच्या पायरीवर थांबते, पदर सावरते, आणि मग ‘थांबा!’ म्हणते. तळोज्याच्या केमिस्टला पगारात हा जिना कसा परवडला, असं मी नवीन असताना एकदा विचारलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मला फक्त स्वयंपाकघरातले प्रवेश लिहायला मिळाले. नवी मुंबई दाखवायची म्हणून सुरुवातीला ड्रोनने पाम बीच रोड दाखवा, नेरूळचे फ्लेमिंगो दाखवा, आणि लगेच कासारवडवलीच्या दिवाणखान्यात या. कुणी पाहत नाही.

गुपिताबद्दल मात्र नीट बोलू, कारण तुमची सगळी मदार त्यावर आहे. अ‍ॅलेक्सचं गुपित जवळजवळ शेवटापर्यंत टिकतं. आईवडील त्याच छताखाली राहतात, पोरगी खोलीत पाणी होऊन वाहते, आणि त्यांना पत्ता नाही. हे आपल्याकडे कुणाला पटणार? दप्तराची चेन कशी ओढली यावरून गणिताचा पेपर कसा गेला ते ओळखणाऱ्या बाया आहेत या. डब्यातला एक लाडू कमी झाला तर कुठल्या हाताने उचलला ते सांगतील.

पण खरं सांगू? पटेलही. मुलगी फूटभर वर तरंगत असली तरी हातात विज्ञानाचं पुस्तक उघडं असेल तर आपली आई हळूच दार लोटून घेईल आणि बाहेर म्हणेल, आवाज नको, अभ्यास चाललाय. आपण मुलांवर बारीक नजर ठेवतो, फक्त ती प्रगतिपुस्तकाच्या उंचीवर ठेवतो. त्यापेक्षा वर किंवा खाली काय चाललंय ते दिसत नाही. आणि समजा बाबांना कळलंच, तर पहिला प्रश्न काय असेल? याचे दहावीला वाढीव गुण मिळतात का. चित्रकलेच्या इंटरमिजिएटचे मिळतात, खेळाचे मिळतात, लोककलेचे मिळतात. अदृश्य होण्याचा शासन निर्णय अजून निघालेला नाही. मग कशाला वेळ घालवायचा, क्लास बुडतोय.

हा प्रवेश मी खरंच लिहून बघितला. चांगला झाला होता. चॅनेलने परत पाठवला, शेरा होता: ‘फादर अनलाइकेबल.’

म्हणून तुम्ही ती वाट धरू नका. आपल्या मालिकेत गुपिताचं काम एकच: दाराआडून ऐकलं जाणं. त्यासाठी आत्या लागते. आत्याच्या हातात चहाचा ट्रे लागतो. मुलगी सोमवारी बहिणीला सांगते, ‘ताई, माझ्या बोटांतून काहीतरी निघतं.’ दाराआड आत्या. ट्रे सुटतो. मंगळवारी ट्रे हवेत असताना घरातल्या सात जणांचे चेहरे, प्रत्येकी तीनदा. बुधवारी कप फुटतो. गुरुवारी आजी विचारते, काय फुटलं? एका कपात आठवडा निघतो, आणि लेखकाला झोप मिळते.

दूरदर्शनवर 1997 ला ‘शक्तिमान’ आला तेव्हा गंगाधर वर्षानुवर्षं गुपित सांभाळून होता, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. गंगाधर वर्तमानपत्राचा फोटोग्राफर होता आणि त्याच्या घरी आत्या नव्हती.

खलनायिका म्हणूनही आत्याच येते, वेगळा माणूस घेऊ नका. फार तर चुलत काकू. तिला शक्ती कशासाठी हवी, हे ठरवत बसायचं नाही. तिला घराची चावी हवी असते, तिजोरीची चावी हवी असते, आणि आता शक्तीही हवी. डोळ्यांत काजळ जरा जास्त, एवढं पुरे.

चमत्कार कमी ठेवा. अ‍ॅलेक्स लाजली किंवा घाबरली की तिच्या चेहऱ्यावर पिवळा प्रकाश पसरतो, तेच तिचं मोठं संकट. आपल्याकडे हे दाखवता येणार नाही. आपली नायिका पहाटे चारला बेशुद्ध पडलेली असली तरी तिच्या गालावर एवढा लाइट असतो की आणखी उजळलेलं कुणाला कळणार? अंगाचं पाणी होणं संगणकावर करायचं तर पैसे लागतात. त्यापेक्षा फरशीवर अर्धी बादली ओता आणि आजीला घसरू द्या, म्हणजे हॉस्पिटलचा ट्रॅकही तयार. बाहेर चित्रीकरण असेल तर जुलैमध्ये घोडबंदर रोडवर करा. तिथे मुलगी डबकं झाली की शेजारच्या दोनशे डबक्यांत कुठली ती, हे दिग्दर्शकालाही सांगता येत नाही. बादलीचाही खर्च वाचतो. फक्त गाडीखाली कोण गेलं ते आधी बघा. उडण्याची शक्ती तर देऊच नका. हार्नेसचं भाडं आणि क्रेनचा माणूस वेगळा, आणि उलव्याला विमानतळ झाल्यापासून त्या बाजूला ड्रोन उडवायलासुद्धा परवानग्या.

आता हिशेब सांगते, मग सगळं आपोआप उलगडेल. अ‍ॅलेक्सचे चार हंगाम मिळून 78 भाग झाले. आपली मालिका सोमवार ते शनिवार. म्हणजे 78 भाग तेरा आठवड्यांत संपतात. त्यांची मुलगी जेवढ्या भागांत शाळा शिकून मोठी झाली तेवढ्यात आपल्याकडे हळद लागते. त्यामुळे एकेका भागात एकेक अडचण, ती तिने स्वतःच्या डोक्याने सोडवायची, असला अमेरिकी प्रकार चालणार नाही. आपल्याकडे अडचण मुलीची नसते, घराची असते. मुलगी फक्त दिवाणखान्याच्या मध्ये उभी राहते आणि बाकीचे तिच्याभोवती निर्णय घेतात. तिला मधे उभं राहण्याची सवय होईल, तुम्हाला तिला संवाद न देण्याची.

टीआरपीचे आकडे गुरुवारी येतात. पहिल्या गुरुवारी सगळे म्हणतील, थांबू, प्रेक्षकांना सवय होऊ द्या. तिसऱ्या गुरुवारी वेण्या सुटतील. पाचव्या गुरुवारी लीप येईल: ‘दहा वर्षांनंतर’. हा तो लग्नाचा तोडगा. कलाकार तीच, रिबिनी गेल्या, टिकली आली, आणि मालिका प्रथमच तिच्या वयाशी खरं बोलली. मग स्थळ येतं. मुलगा कोण? आत्याच्या नात्यातला. सासर कुठे? तोच बंगला, फक्त सोफा भिंतीच्या दुसऱ्या बाजूला.

शेवटाची काळजी करू नका, तो चॅनेल ठरवतं आणि बारा दिवस आधी कळवतं. अमेरिकी मालिकेत शेवटी वडील मुलीच्या हातात उतारा ठेवतात. घ्यायचा की नाही, ते तिचं तिने ठरवायचं; आणि तिने काय ठरवलं ते प्रेक्षकांना सांगतच नाहीत. आपल्याकडे असं अधांतरी सोडलं तर फोन येतील. म्हणून रविवारी एक तासाचा महाएपिसोड करा. सासरचा उंबरठा, तांदळाचं माप, सासूबाई म्हणतात, ‘या घरात शक्ती एकच, एकोप्याची.’ सूनबाई हसते, माप ओलांडते, तांदळाबरोबर शक्तीही सांडते. तांदूळ हळू पडताना दाखवा, गाणं वाजवा. बोटांतली शेवटची ठिणगी देव्हाऱ्यातल्या समईला लागली तर उत्तम, नसेल बजेट तर आत्यालाच काडी ओढू द्या.

तुमचं मानधन भाग प्रसारित झाल्यावर 90 दिवसांनी. बिलावर मालिकेचं नाव अचूक घाला, नाहीतर अकाउंट्सवाले परत पाठवतात. तुम्ही ठेवलेलं नाव घालू नका. ते दुसऱ्या मीटिंगलाच बदललं होतं, नवं काय ते आधी फोन करून विचारा.