आत्याला चकली द्या

अमेरिकेतल्या गृहकर्ज विमा कंपनीच्या हिंजवडीतल्या ऑफिसात नोकरी लागली का? मग आधी पेढे वाटून घ्या. उशीर केलात तर लोक विचारतील, 'कंपनी करते काय?'

सांगावंच लागलं तर थोडक्यात सांगा. घराच्या किमतीचे 20 टक्के स्वतःच्या खिशातून भरता आले नाहीत, की बँक कर्ज घेणाऱ्याला विमा काढायला लावते. हप्ता तो भरतो. त्याने कर्ज बुडवलं तर पैसे बँकेला मिळतात. इथे आत्या हमखास विचारेल, 'आणि त्याला काय मिळतं रे?' 'कर्ज मिळतं' हे खरं उत्तर आहे, पण देऊ नका. आत्याला चकली द्या.

शिफ्ट उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहाला, हिवाळ्यात साडेसातला, कारण तिकडे घड्याळं मागेपुढे करतात. लक्ष्मीपूजनाला लॉगिन, थँक्सगिव्हिंगला सुट्टी. त्या दिवशी आकाशकंदील लावा, कोण विचारतंय!

कामावर मात्र संशय हवा. एखाद्याच्या खात्यात अचानक चार हजार डॉलर दिसले की फाइल अडवा. आईने दिले म्हणतो? मग आईचं पत्र आणा: ही रक्कम भेट आहे, परतफेडीची अपेक्षा नाही, खाली सही, तारीख, फोन नंबर. असं पत्र पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं. आमच्या बाबांनी माझ्या फ्लॅटसाठी पीएफ काढून दिला, त्याचा कुठेच कागद नाही. वसुली मात्र दर रविवारी जेवताना चालू असते.

फाइल तपासायच्या खरं तर दोन वेळा असतात: पॉलिसी देताना, घाईत, आणि दावा आल्यावर, सावकाश. 2008 च्या पडझडीनंतर जुन्या फायली उकरून, 'उत्पन्न खोटं दाखवलंय' म्हणत कितीतरी पॉलिसी रद्द ठरवल्या गेल्या. तेच उत्पन्न आधी कुणाला खटकलं नव्हतं.

1998 सालच्या तिकडच्या कायद्याप्रमाणे, हप्ते वेळेवर असतील तर कर्ज मूळ किमतीच्या 80 टक्क्यांवर आलं की घेणारा अर्ज करून विमा बंद करू शकतो. अर्ज नाही केला तर 78 टक्क्यांवर तो आपोआप बंद होतो. मधल्या दोन टक्क्यांतला एखादा विसरभोळा स्क्रीनवर दिसेल, त्याला फोन करून सांगावंसंही वाटेल. उठा, मशीनचा चहा घ्या, वाटणं थांबेल. आपला पगारही कुठून तरी यायचाच असतो.

आणि स्वतःचं घर घ्याल तेव्हा सह्या करायला शिफ्ट संपवून थेट बँकेत जा. कर्जाच्या गठ्ठ्यात मध्येच विम्याचा एक फॉर्म असतो. एकरकमी हप्ता कर्जातच मिळवलेला, म्हणजे त्यावरही व्याज. साहेब म्हणतात, 'सगळेच घेतात हो.' डोळे मिटत असतात. पेन्सिलीने फुल्या मारून ठेवलेल्या असतात, तिथे तिथे सही करायची.

मी 42 केल्या.