‘दहा मिनिटांत सल्ला, मग फक्त सही’

आर्थिक सल्लागारांमध्ये एक दावा जोरात फिरतोय: ग्राहकाशी झालेलं बोलणं एआयला द्या, दहा मिनिटांत सल्ल्याचा अहवाल हातात, आपण वाचायचं आणि सही करायची. यातला एकेक मुद्दा घेऊ.

‘बोलणं दिलं की माहिती मिळाली.’ ग्राहक म्हणतो, ‘थोडा तोटा चालेल, पण मुलीच्या शिक्षणाच्या पैशांत नको.’ सारांशात उरतं: ‘जोखमीची तयारी: मध्यम ते उच्च’. ‘पण’नंतरचं सगळं गळालं, आणि सल्ला तर नेमका त्यावरच उभा राहणार होता. उलटही होतं. कर्जाचा विषय निघालाच नसेल, तरी मॉडेल ‘कर्ज नाही’ असं बिनदिक्कत लिहून मोकळं होऊ शकतं. म्हणून उत्पन्न, देणी, उद्दिष्ट आणि मुदत ग्राहकाने स्वतः तपासलेल्या फॉर्ममधूनच घ्यावी. मसुद्यातल्या प्रत्येक विधानापुढे ते कुठून आलं हे लिहायला लावावं. सापडत नसेल तिथे ‘माहिती नाही’.

‘हिशेब तर यंत्रच करतं.’ एआयमागचं भाषेचं मॉडेल पुढे काय यावं याचा अंदाज बांधत जातं, आकड्यांच्या बाबतीतही. दहा लाख, 8 टक्के चक्रवाढ, 20 वर्षं: सुमारे 46.61 लाख. वर्षाला दीड टक्का खर्च वजा जाऊन 6.5 टक्के उरले, तर 35.24 लाख. अकरा लाखांहून जास्त फरक! मसुद्यात मात्र हा खर्च ‘केवळ 1.5 टक्के’ म्हणून एका ओळीत उरकलेला असतो. आकडे स्प्रेडशीटमध्ये काढा, तिथूनच मसुद्यात चिकटवा आणि शेवटी पुन्हा जुळवून पाहा, कारण भाषा सुधारायला दिलेल्या मजकुरातही आकडा बदलून येऊ शकतो.

‘शेवटी माणूस तपासतोच ना?’ आमच्या मते खरी गोम इथे आहे. गुळगुळीत मसुदा वाचताना डोळा नुसता होकार देत जातो. त्यामुळे मसुदा उघडण्याआधी तीन ओळी स्वतः लिहा: काय सुचवणार, का, आणि कोणता पर्याय का नाकारला. मग ताडून पाहा. आणखी एक सोपी चाचणी: ग्राहकाचं नाव खोडून दुसऱ्याचं घाला. कारणं जशीच्या तशी लागू पडली, तर हातात आहे ते माहितीपत्रक.

‘चुकलं तर सॉफ्टवेअरवाले बघतील.’ छे. भांडवली बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने डिसेंबर 2024 च्या दुरुस्तीत एआयच्या वापराची जबाबदारी नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागारावरच ठेवली, वापर थोडा असो वा फार. तो किती आहे हे ग्राहकाला सांगणंही बंधनकारक केलं. एस्मा या युरोपच्या बाजार नियामक संस्थेनेही मे 2024 मध्ये अशीच भूमिका मांडली. तेव्हा एआयला दिलेल्या सूचना, कच्चा मसुदा आणि आपण केलेल्या दुरुस्त्या तारखेसह जपून ठेवा.

बैठकीचं टिपण नीटनेटकं करणं, क्लिष्ट परिच्छेद सोपा करणं या कामांत वेळ वाचतो, हे मान्य. फक्त नाव आणि खाते क्रमांक आधी काढून टाका.