एक्सला चिकटलेला आकडा म्हणजे चढ? वही दाखवा आधी

परवा भाचीची वही चाळत होतो. ३एक्स + २वाय = १२ या रेषेचा चढ (एक घर उजवीकडे गेलं की रेषा किती घरं वर जाते ते) तिने ३ लिहिला होता आणि इंटरसेप्ट (रेषा उभ्या वाय-अक्षाला कापते तिथला आकडा) १२. कुठून आणलंस हे? तर म्हणे, "मामा, मेसेज आलाय ना!" 'वाय = एमएक्स + सी, दोन सेकंदांत' हा तो मेसेज (यात एम म्हणजे चढ, सी म्हणजे इंटरसेप्ट). मलाही तीन ग्रुपवर येऊन गेलाय. त्यातले दावे चार: एक्सला चिकटलेला आकडा चढ, सुटा आकडा इंटरसेप्ट; एम म्हणजे रेषेचा अंशांतला कोन; कुठलीही रेषा या रूपात बसते; आणि एम हे अक्षर देकार्त या फ्रेंच गणितज्ञाने 'चढणे' या अर्थाच्या 'मोंते' या फ्रेंच शब्दावरून घेतलं.

पहिलाच सगळ्यात घातक, कारण तो अर्धा खरा आहे. वाय डावीकडे एकटा असेल तर युक्ती चालते, एवढं नाइलाजाने मान्य. इथे मात्र वायच्या गळ्यात २ अडकलाय. आधी तो सोडवा: २वाय = −३एक्स + १२, म्हणजे वाय = −(३/२)एक्स + ६. चढ उणे दीड, इंटरसेप्ट ६. भाचीला पटेना. म्हटलं, एक्सच्या जागी शून्य घाल. २वाय = १२, वाय ६. कुठे गेले तुझे बारा? मग आलेखाच्या कागदावर तिनेच (०, ६), (२, ३), (४, ०) मांडले. दोन घरं उजवीकडे गेलं की तीन घरं खाली. रेषा डोळ्यांदेखत उतरतेय आणि मेसेज म्हणतो चढ अधिक ३!

एम हा कोन नाही, कोनाचं टॅन गुणोत्तर आहे, म्हणजे वर गेलेलं अंतर भागिले आडवं अंतर. मेसेज खरा मानला तर एम १ असलेली रेषा एका अंशाची, जवळजवळ आडवी. प्रत्यक्षात ४५ अंशांची असते (दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखं घेतलं तर, मुलं हेही विसरतात). बरं, एम दुप्पट केला म्हणून कोनही दुप्पट होत नाही. एम २ ला कोन साधारण ६३.४ अंश.

कुठलीही रेषा? एक्स = ४ बसवून दाखवा. उभ्या रेषेचा चढ काढायला गेलं की छेदात शून्य येतं. संपलं.

आणि देकार्त. त्याचं भूमितीचं पुस्तक १६३७ चं. चढासाठी एमचा सगळ्यात जुना माहीत असलेला वापर सापडतो तो विन्चेन्झो रिकाती या इटालियन गणितज्ञाच्या १७५७ च्या पुस्तकात, आणि ते लॅटिन आहे; मॅथ्यू ओब्रायनचं १८४४ चं निर्देशक भूमितीचं (आलेखावरच्या भूमितीचं) पुस्तक इंग्रजी. फ्रेंच शाळांत तर सर्रास वाय = एएक्स + बी लिहितात. 'मोंते'ला पुरावा काहीच नाही. भाचीला नेमकी हीच गोष्ट पाठ होती.