‘बरोबर ठोकला’ म्हणणाऱ्यांना
एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या सामन्यात खेळाडूंची हाणामारी झाली आणि तिच्यावर ‘आमच्या पोराने बरोबर ठोकला’ असं म्हणत चाहते टाळ्या पिटताहेत, ते बघून फार वाईट वाटलं. ९ डिसेंबर १९७७ ला लेकर्स संघाच्या कर्मिट वॉशिंग्टनचा एकच ठोसा रॉकेट्स संघाच्या रुडी टॉमजानोविचला बसला. रुडी तर भांडण मिटवायला धावत आला होता! चेहऱ्याची हाडं मोडली, जीव थोडक्यात वाचला. एवढ्या धिप्पाड माणसांचा ठोसा म्हणजे गंमत नव्हे हो.

आणि आपल्याच संघाचं किती नुकसान! २००७ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, स्पर्स संघाच्या हॉरीने सन्स संघाच्या नॅशला धडक दिली, तेव्हा सन्सचेच स्टाउडमायर आणि डियाव नुसते बाकावरून उठून पुढे आले. कुणाला हातही लावला नाही, तरी दोघांवर एका सामन्याची बंदी. त्या दोघांविना खेळलेला तो सामना सन्सने तीन गुणांनी गमावला आणि पुढे स्पर्सविरुद्धची मालिकाही.