मानलेल्या भावाचा हिरो करताना

'वदरिंग हाइट्स'वर सिनेमा काढताय? काढा की. फक्त एमिली ब्राँटेची १८४७ सालची कादंबरी तेवढी वाचत बसू नका, उगाच घोळ होतो.

पहिली कात्री बालपणाला. म्हातारा अर्नशॉ लिव्हरपूलहून एक पोर उचलून आणतो, आपल्या वारलेल्या मुलाचं नाव, हीथक्लिफ, त्याला ठेवतो. तेव्हा त्याची मुलगी कॅथी सहा वर्षांची. पुढं दोघं एकाच बिछान्यात झोपत वाढतात. बाप गेल्यावर थोरला भाऊ त्यांना वेगळं झोपवतो, तोवर ती बारा वर्षांची झालेली असते. एवढं सगळं दाखवलंत तर प्रेक्षकाला राखी आठवेल. तेव्हा दोन मिनिटांत उरका, आणि माळावर धावता धावता पोरं एकदम तिशीची करून टाका. पुस्तकात कॅथी अठराव्या वर्षी मरते, पण वयं मोजतंय कोण! कुणी कुरकुरलंच तर 'रक्ताचं नातं कुठंय?' म्हणायचं. तो अर्नशॉचाच अनौरस मुलगा असावा, अशी शंका काही समीक्षकांनी काढलीय. त्यांना प्रीमियरचा पास देऊ नका.

नायक गोराच घ्या. पुस्तकात तो काळासावळा आहे. शेजारचा लिंटन त्याला 'लास्कर' म्हणतो, म्हणजे आपल्याकडचा खलाशी. दिग्दर्शक वायलरनं १९३९च्या सिनेमात गोऱ्या लॉरेन्स ऑलिव्हिएला घेतलं. त्याची कॅथी, मर्ल ओबेरॉन, जन्मली मुंबईत, सांगायची टास्मानिया. मूळ लपवण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही.

आणि कॅथी मेली की थांबा. चौतीसपैकी सोळाव्या प्रकरणात ती जाते. पुढची अठरा प्रकरणं हिरोला शोभणारी नाहीत. तो तिच्या मुलीला कोंडून घालतो, स्वतःच्या मरायला टेकलेल्या पोराशी तिचं लग्न लावतो, इस्टेट गिळतो. (हा नवरा तिचा आतेभाऊ, तो मेल्यावर मामेभावाशी जमतं. आपल्याकडच्या प्रेक्षकाला यात वावगं काय, असंच वाटेल.) सतराअठरा वर्षांनी कॅथीची शवपेटी उघडून तिचा चेहरा बघतो. मग पेटीची एक बाजू सैल करून ठेवतो आणि कबर खणणाऱ्याला पैसे चारतो: आपल्याला शेजारी पुरशील तेव्हा मधल्या फळ्या काढ, म्हणजे दोघांची माती एक होईल. कॅथीच्या नवऱ्याकडची बाजू मात्र जशीच्या तशी. हा सीन चुकून शूट झाला, तर पॉपकॉर्नचा धंदा बसला म्हणून समजा.

त्यापेक्षा दोघांची भुतं हातात हात घालून टेकडीकडं चालती करा. १९३९ मध्ये निर्माता गोल्डविननं दिग्दर्शकाच्या मर्जीविरुद्ध हेच केलं, तेही डुप्लिकेट वापरून. पाठमोरेच चालायचंय, स्टारच्या तारखा नसल्या तरी अडत नाही.